जोडीतला दुसरा तंबोरा: एका शोधाची हकिकत

(या प्रकरणातल्या सगळ्यांची नावं आणि गावाचं नाव काढून टाकलं आहे. बाकी जसं घडलं तसं.)

पार्श्वभूमी

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी खुद्द केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं हे घर एका रात्रीत काळं झालं आणि सकाळी खासबागेच्या बाजूला माणसं नुसती उभी होती. त्या आठवड्यात आम्हा तिघांचं बोलणं एकाच गोष्टीवर येत होतं: डोळ्यांसमोरची एवढी मोठी इमारत जाते, तर माळ्यावर गोधडीत गुंडाळून ठेवलेल्या वाद्यांचं काय होत असेल?

आम्ही तिघं म्हणजे एक निवृत्त संगीत शिक्षिका (त्यांना इथं बाई म्हणतो), मिरजेचा एक तरुण तंतुवाद्य कारागीर आणि वही-कॅमेरा सांभाळणारा मी. काम छोटं ठरवलं. कोल्हापूर आणि आसपासच्या घरांत १९५० च्या आधीचे तंबोरे कुठं आहेत, कुणाकडे आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत, एवढंच लिहून काढायचं. सतार, दिलरुबा, सारंगी यांच्या मागे लागायचं नाही. बाईंचं म्हणणं, ‘एक काम धरा आणि ते पुरं करा, नाहीतर आपली वहीसुद्धा माळ्यावर जाईल.’

कोल्हापुरात जुने तंबोरे सापडणार, यात शंका नव्हती. इथली गाण्याची जुनी संस्था देवल क्लब १८८३ ची. जयपूर-अत्रौली घराण्याचे गवई अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या दरबारात होते, पुढं त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँ इथंच राहून शिकवत राहिले. गाणं शिकायला येणाऱ्यांची, शिकवणाऱ्यांची आणि नुसतं ऐकायला बसणाऱ्यांची घरं पेठापेठांतून होती. वाद्यं बनणारं गाव तर हाताच्या अंतरावर. १८९१ मध्ये कोल्हापूर-मिरज रेल्वे सुरू झाली, तोवर मिरजेत फरीदसाहेबांच्या शिकलगार घराण्याने हत्यारांना धार लावायचं काम मागं टाकून सतारी-तंबोरे करायला घेतल्याला चाळीसेक वर्षं झाली होती. त्याच परंपरेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नव्या वाद्यांना त्यामुळे शिक्का मिळाला, जुन्यांचा हिशेब मात्र कुणाकडेच नाही.

नोंदवहीत आम्ही रकाने आखले: वाद्य, लांबी, लाकूड, नक्षी, दुरुस्त्या आणि मालक. या शेवटच्या रकान्याने पुढं आमची चांगलीच जिरवली.

काय शोधायचं होतं

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याहून एका ताईंचा फोन आला. त्यांचे आजोबा कोल्हापुरात गाणं शिकले आणि पुढं तिथंच शिकवण्या करायचे. त्यांच्याकडे मिरजेच्या मर्दानी, म्हणजे पुरुषांच्या आवाजासाठीच्या मोठ्या, तंबोऱ्यांची जोडी होती. त्यातला एक ताईंच्या दिवाणखान्यात आहे. दुसरा आजोबांनी कुणाला तरी दिला. कुणाला, कधी, कशासाठी, हे सांगणारं घरात आता कुणी उरलेलं नाही. आजीच्या तोंडी एकच वाक्य असायचं, ‘जोडीतला एक तिकडंच राहिला.’

ताईंना तो विकत घ्यायचाच होता असं नाही. दोन्ही तंबोरे एकदा शेजारी शेजारी लागलेले ऐकायचे होते. ज्यांनी गाण्याच्या मागे जुळलेली जोडी ऐकली आहे त्यांना हा हट्ट लगेच कळेल. एकाच हाताने बनवलेले, सारख्या जाडीच्या तबल्यांचे (तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी पाटी) दोन तंबोरे, जवारी, म्हणजे घोडीवर तार गुंजत राहील अशी बैठक, नीट काढून लावले की एकाचा षड्ज कुठं संपतो आणि दुसऱ्याचा कुठं सुरू होतो ते सांगता येत नाही.

आम्ही आधी ताईंचा तंबोरा पाहून आलो. पाच फुटांहून किंचित कमी उंची, दांडी तून लाकडाची, भोपळ्याच्या गळ्याशी कोरलेली पानं, आणि गळ्यावर पांढऱ्या तुकड्यांत बसवलेला एक मोर. मोराचं तोंड उजवीकडे. घरातल्या एका फोटोत आजोबा तरुणपणी गाताना दिसतात, मागं दोन तंबोरे आहेत. फोटोच्या पाठीवर १९३४ साल लिहिलेलं. दुसऱ्या तंबोऱ्याचा गळा साथीदाराच्या हाताआड गेलेला. म्हणजे १९३४ मध्ये जोडी होती, एवढं नक्की. त्याआधीचं जे सांगितलं जात होतं, ते ऐकीव. ‘खाँसाहेबांच्या मैफलीत हीच जोडी होती’ हे ताईंनीही सांगितलं. कोल्हापुरातल्या प्रत्येक जुन्या तंबोऱ्याला कधी ना कधी खाँसाहेबांचा हात लागलेला असतो. आम्ही ते ऐकीव म्हणूनच लिहिलं.

समोरचे रस्ते

बाईंचा कल जुन्या गाणाऱ्या घरांकडे जाण्याचा होता. एकेका घरी चहा, एकेका घरी दोन तास. वेळ फार जाणार, पण माणसं मोकळेपणाने बोलतात. वर्तमानपत्रात छोटं आवाहन द्यावं असं एका हितचिंतकाने सुचवलं. कारागीर म्हणाला, आधी मिरजेत विचारू. तंबोरा घरातून हलो न हलो, तार तुटते, जवारी बसते, तबलीला चीर जाते, आणि मग तो मिरजेला जातोच. मालकाला वाद्य आठवत नाही, दुरुस्त करणाऱ्याला आठवतं.

मी मात्र घाई केली.

पहिली चूक

संगीतप्रेमींच्या एका व्हॉट्सॲप गटावर मी ताईंच्या तंबोऱ्याचा फोटो टाकला, मोर स्पष्ट दिसेल असा, आणि खाली लिहिलं: ‘याच्या जोडीतला दुसरा कोल्हापूर परिसरात कुणाकडे असल्यास कळवा.’ ताईंची परवानगी घेतली होती. बाईंना विचारलं नव्हतं.

दोन दिवसांत तो फोटो माझ्याच दुसऱ्या दोन गटांवर फिरून आला. तिसऱ्या दिवशी परराज्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याचा फोन. ‘पीस मिळाला तर आधी मला सांगा, बाहेरचं गिऱ्हाईक तयार आहे.’ बाहेरचं म्हणजे परदेशातलं. त्याला सांगितलं, शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याने देशाबाहेर नेता येत नाही. तो हसला आणि म्हणाला, ‘शंभर झाली हे कोण ठरवणार?’ प्रश्न बिनतोड होता. आमच्या हातात १९३४ चा फोटो होता, त्यामागं फक्त आजीचं वाक्य.

पाठोपाठ दोघांनी ‘तो तंबोरा आमच्याकडे आहे’ म्हणून फोटो पाठवले. एक सरळ अलीकडचा, सेल्युलॉइडच्या पट्ट्या लावलेला. दुसरा जुना होता, पण जनानी, म्हणजे बायकांच्या आवाजासाठीचा, उंचीला फूटभर कमी. दोघांचाही पहिला प्रश्न किमतीचा.

सगळ्यात मोठं नुकसान पुढं महिनाभराने कळलं. ज्या गावात तंबोरा होता तिथल्या एका मुलाने फोटो पाहिला होता. त्याने भजनी मंडळात सांगितलं, ‘आपला तंबुरा शोधत्यात, पुण्याचं लोक हाईत, न्यायला येणार.’ मंडळाने ठरवलं, कुणी विचारलं तर नाही म्हणायचं.

मिरजेची वही

फोटोचा धुरळा बसल्यावर आम्ही कारागिराचं ऐकलं. मिरजेत त्याच्या ओळखीचे एक चाचा आहेत, पंचाहत्तरीच्या पुढचे. आता डोळे साथ देत नाहीत, पण बोटं देतात. त्यांना मोबाइलवरचा फोटो दाखवून उपयोग नव्हता. कारागिराने ताईंच्या तंबोऱ्याच्या गळ्यावरची पानं कागद ठेवून पेन्सिलीने घासून आणली होती. चाचांनी त्या कागदावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, ‘ये अब्बा के पहले का काम है. अब्बा ने इसका भाई देखा था, तबली बदली थी.’

मग निघाली ती वही. दुरुस्त्यांची नोंदवही म्हणावी असं तिच्यात काही नव्हतं, ती उधारीची वही होती. पैसे चुकते झालेल्या कामांचा तिच्यात पत्ताच नाही. ज्याचे पैसे राहिले तोच लिहिलेला. त्यात एक ओळ: ‘गंगावेस मास्तर, मोठा तंबोरा मोरवाला, तबली नवी, बाकी ४०.’ साल नव्हतं. मागच्या-पुढच्या पानांवरून १९६० नंतरची काही वर्षं असावीत.

मास्तरांनी त्या दिवशी पैसे पुरे दिले असते तर हा शोध तिथंच संपला असता. तेव्हापासून मिरजेत गेलो की आम्ही आधी उधारीच्या वह्या आहेत का विचारतो.

कोल्हापुरातल्या गंगावेशीत हार्मोनियम आणि गाण्याच्या शिकवण्या घेणारे मास्तर कोण, हे बाईंनी दोन दिवसांत काढलं. मास्तर जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा उपनगरातल्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याने सरळ सांगितलं, ‘वाडा पाडला तेव्हा बाबांनी तंबोरा एका भजनी मंडळाला दिला. फ्लॅटमध्ये पाच फुटी तंबोरा कुठं ठेवणार होतो?’ गाव पंचगंगेकाठचं, करवीर तालुक्यातलं.

गावात काय सापडलं

गावात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांनी चहा पाजला आणि सांगितलं, असा तंबोरा आमच्याकडे कधीच नव्हता. देवळात मोबाइलवरचा तंबोरा स्पीकरला जोडून हरिपाठ चालला होता. उठताना बाई सहज गाभाऱ्याबाहेर बसल्या आणि एक अभंग म्हणाल्या. ठरवून नाही, त्या कुठल्याही देवळात म्हणतातच. परत निघालो तर एक आजोबा पायरीपर्यंत आले. ‘तंबुरा व्हय? हाय की. म्हंजे, हुता.’

ऑगस्ट २०१९ च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. ४३ फूट ही धोक्याची पातळी. देवळात पाणी शिरलं आणि दिवसेंदिवस राहिलं. तंबोरा खुंटीला टांगलेला होता तो तसाच पाण्यात. जुन्या वाद्यांचे सांधे सरसाने जोडलेले असतात आणि सरस पाण्यात विरघळतो. पाणी उतरलं तेव्हा दांडी वेगळी, तबली वेगळी, भोपळा मऊ पडून कुजलेला. भोपळा चिखलाबरोबर टाकून दिला. दांडी, गळ्यासकट, आजोबांनी घरी आणून आढ्याला बांधून ठेवली, ‘लाकूड चांगलं हाय’ म्हणून. तबली दुसऱ्या घरी गेली. त्या घरी आम्ही गेलो तर ती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून होती, मापात बसलेली, वर पितळी तांब्या ठेवलेला.

दांडी खाली उतरवली. गळ्यावर मोर होता, चोच तुटलेली. तोंड डावीकडे.

जोडीची खूण एवढीच. दोन मोर समोरासमोर, गाणाऱ्याच्या दोन्ही अंगांना एकेक तंबोरा ठेवला की एकमेकांकडे बघणारे. कारागिराने आटीपासून (दांडीवर तारा टेकतात ती पट्टी) गळ्यापर्यंतची मापं घेतली, खुंट्यांमधलं अंतर घेतलं. पुण्यातल्या तंबोऱ्याशी फरक नखाएवढा. तबली मात्र नवी, म्हणजे मास्तरांच्या वेळची. तिच्या आतल्या बाजूला शिसपेन्सिलीने गंगावेस लिहिलेलं दिसलं, चाचांच्या वडिलांच्या हातचं असावं. पुण्याच्या तंबोऱ्याची तबली उघडून आतलं अक्षर ताडून पाहावं का, यावर थोडा वाद झाला. कारागिराने नकार दिला. नव्वदएक वर्षं टिकलेला सांधा फक्त खात्री करून घ्यायला उघडायचा नाही, असं तो म्हणाला आणि ते आम्हाला पटलं. वहीत म्हणून ‘खात्रीची’ ऐवजी ‘बहुधा’ असं लिहिलं. मोर बघितल्यावर मला स्वतःला शंका नाही, पण वहीचा नियम मोडला नाही.

पांढऱ्या तुकड्यांचा प्रश्न

दोन्ही मोर पांढरे आहेत आणि हे पांढरं काय आहे, हा प्रश्न आम्ही सुरुवातीलाच विचारायला हवा होता. जुन्या तंबोऱ्यांच्या घोड्या आणि नक्षी हस्तिदंताची किंवा सांबरशिंगाची असायची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशा वस्तू बाळगण्यावर बंधनं आहेत. भारतीय हस्तिदंताचा व्यापार तर १९८६ पासून बंद. वारशाने आलेली वस्तू घरात असणं वेगळं आणि ती विकणं वेगळं. म्हणजे ज्याचा फोटो मी हौसेने शंभर लोकांना पाठवला, तो फोटो एखाद्या घराला चौकशीच्या फेऱ्यात अडकवू शकला असता.

कारागिराने भिंगाखाली पाहिलं. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक कमानदार रेषा दिसतात. इथं त्या नव्हत्या, उलट बारीक काळसर छिद्रं होती. हस्तिदंत नाही, एवढं कळलं. हाड की सांबरशिंग, हे भिंगाने ठरेना. काहीजण सुई तापवून टोचून वासावरून ओळखतात. ते आम्ही करू दिलं नाही, कारण नक्षीत मधूनच सेल्युलॉइडचा तुकडा निघाला तर तो भुर्रकन पेटतो. दोन्ही घरांना आम्ही सांगितलं की वनखात्याकडे स्वतः विचारणा करा, विकायचा विचार तोवर मनातही आणू नका, आणि जवळून काढलेले फोटो कुणाला देऊ नका.

दिला, ठेवायला दिला, वापरायला दिला

आता ‘मालक’ हा रकाना भरायची वेळ आली.

मास्तरांचा मुलगा म्हणाला होता, बाबांनी मंडळाला दिला. मंडळाच्या आजोबांचं म्हणणं, मास्तरांनी ‘ठेवायला’ दिला. जागा झाली की नेतो म्हणाले होते, न्यायला आलेच नाहीत. आणि ताईंच्या आईच्या जुन्या पत्रात एक ओळ निघाली: ‘नानांनी मोठा तंबोरा मास्तरांना वापरायला दिला आहे.’ नाना म्हणजे ताईंचे आजोबा. तीन घरांची तीन क्रियापदं. कागद कुणाकडेच नाही. तिघंही आपापल्या परीने खरं बोलत होते.

आम्ही ज्याला मालकी म्हणत होतो ती या घरांत कधी कुणी बोलूनच दाखवली नव्हती. गाणाऱ्यांच्या जगात वाद्य असंच फिरतं. शिष्याकडे राहतं, शिष्याच्या शिष्याकडे जातं, मधल्या एखाद्या चातुर्मासात देवळात जातं. ‘कुणाचं?’ असं विचारलं की उत्तर ‘नानांचं’ येतं, नाना जाऊन चाळीस वर्षं झाली तरी.

याहून अवघड निर्णय पुढचा होता. व्यापाऱ्याचा भाव आम्हाला माहीत होता, गावाला नव्हता. गावाच्या दृष्टीने ती आढ्याला बांधलेली दांडी होती. काही न सांगता ‘दुरुस्तीला नेतो’ म्हणून घेऊन गेलो असतो तर कुणी अडवलं नसतं. ताईंच्या घरातल्या एकाने तसं सुचवलंही. सांगितलं तर मंडळातलं कुणी विकायला उठेल, ही भीती खोटी नव्हती. बाईंनी एका वाक्यात प्रश्न मिटवला: ‘त्यांना न सांगता नेला तर आपण आणि तो व्यापारी यांत फरक काय?’

देवळात बैठक झाली. पंधरा-वीस माणसं. आम्ही सगळं सांगितलं: व्यापाऱ्याचा फोन, भाव, कायदे, ताईंची इच्छा, आजीचं वाक्य. एक तरुण लगेच म्हणाला, विकून देवळाला पत्रे टाकू. त्याचं चुकलं नव्हतं, पुरानंतर देवळाचं छप्पर अजून ताडपत्रीवरच होतं. दुसरा म्हणाला, पुण्याच्यांना देऊन टाका, आपल्याला त्याचा काय उपयोग. बराच वेळ आवाज चढत गेले. शेवटी तबलीवाल्या घरातल्या काकू, ज्या बैठकीत बसल्याच नव्हत्या, दारातून म्हणाल्या, ‘देवाम्होरं वाजल्यालं हाय ते. इकायचं न्हाई आन् द्यायचं बी न्हाई. नीट करून पुन्हा हितंच वाजू द्या.’ त्यावर कुणी काही बोललं नाही.

ताईंना फोनवर हे सांगताना मला धास्ती होती. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मग एकदा पुण्याचा तिकडं घेऊन येते.’

निष्पत्ती

दुरुस्तीचा खर्च ताई आणि मंडळ यांनी वाटून घेतला. मंडळाचा वाटा वर्गणीतून आला, फार मोठा नव्हता, पण त्यांनी तो देण्याचा आग्रह धरला आणि तो योग्यच होता. तबली परत मागायला गेलो तेव्हा काकूंची अट होती, डब्याला आधी झाकण द्या. महाद्वार रोडवरून स्टीलचं झाकण मापून आणलं.

नवा भोपळा भीमाकाठच्या बेगमपूर-मंगळवेढा भागातला. मिरजेचे बहुतेक भोपळे तिकडूनच येतात, खायचे नव्हेत, कडू आणि जाड सालीचे. जुन्या गळ्याच्या घेराशी जुळणारा भोपळा मिळायला पावसाळा गेला. चोच तशीच तुटकी ठेवली, ती जोडायची की नाही यावर आमचं तिघांचं अजून एकमत नाही. नव्या घोडीसाठी मात्र साधं हाडच वापरलं आणि तशी पावती करून घेतली.

मग एका रविवारी ताई पुण्याहून तंबोरा घेऊन आल्या. देवळात दोन्ही शेजारी ठेवले, मोर समोरासमोर. कारागीर तासभर जवारीशी झटत होता, तारेखालच्या दोऱ्याची घडी सरकवत, पुन्हा सरकवत. खरं सांगायचं तर जोडी जुळली नाही. पुण्याचा तंबोरा भरून वाजत होता, खर्ज खोलीभर पसरत होता. गावचा नवा भोपळा कोरडा बोलत होता, षड्ज तारेवर राहत होता, आत उतरत नव्हता. भोपळा वाजून वाजून तयार व्हायला काही वर्षं लागतील, असं कारागीर म्हणाला. ताईंनी तरी डोळे मिटले होते. बाईंनी भूपाचा एक ख्याल सुरू केला, मध्येच थांबून म्हणाल्या, ‘डावीकडचा जरा हळू छेडा रे,’ आणि पुन्हा सुरू केला.

नोंदवहीतला ‘मालक’ हा रकाना आम्ही खोडला. आता तिथं तीन रकाने आहेत: कुणाचा म्हणून ओळखतात, सध्या कुणाच्या सांभाळात, आणि कोण वाजवतं. गावच्या तंबोऱ्यापुढे अनुक्रमे ‘नानांचा’, ‘भजनी मंडळ’ आणि ‘मंडळातली दोन मुलं, शिकतात’ असं लिहिलं आहे. जागा म्हणून फक्त तालुका.

आता वेगळं काय करू

व्हॉट्सॲपवरचा फोटो मी टाकायला नको होता, हे आता सांगायची गरज नाही. मात्र त्यात नुसती गोपनीयतेची चूक नव्हती. त्या फोटोने शोधाची दिशाच बदलली. मिरजेत आधी गेलो असतो तर गावात ‘न्यायला येणार’ ही बातमी आमच्या आधी पोहोचली नसती, आणि अध्यक्षांना आमच्यासमोर खोटं बोलायची वेळ आली नसती. त्यांना त्याचं नंतर वाईट वाटलं, ते ओझं आमचं होतं.

फोटो लागलाच तर तो पूर्ण वाद्याचा लांबून काढलेला असावा, ओळख पटवणारी खूण झाकलेली. खूण आपल्याकडे राहिली की ‘माझ्याकडे आहे’ म्हणणाऱ्याला विचारता येतं, मोराचं तोंड कुठं आहे? आम्ही ती खूण जगाला वाटून बसलो होतो. आता कुणीही डावा मोर कोरून आणू शकतो.

मास्तरांच्या मुलाकडे आणखी एकदा जायला हवं होतं. पहिल्या भेटीत ‘दिला’ एवढं ऐकून आम्ही गावाकडे पळालो. ‘देताना काय म्हणाले?’ हा प्रश्न तेव्हाच विचारला असता तर बैठकीत तीन क्रियापदांचा गुंता आमच्यावर अचानक कोसळला नसता. त्याला बैठकीला बोलावलंही नाही. नंतर तो बाईंना म्हणाला, ‘बाबांचा होता तो पण.’ त्याला दुखावलं, हे खरं.

भोपळा वाचला असता का, यावर कारागिराने विचार केला आहे. पाण्यातून निघाल्यावर सावलीत, हळूहळू सुकवला असता तर कदाचित. म्हणून आता नदीकाठच्या घरांत नोंदीला गेलो की तो घरच्यांना तीन गोष्टी सांगतो: पावसाळ्यात वाद्य वरच्या मजल्यावर, तारा सैल सोडून, भिजलं तर उन्हात अजिबात नको, आणि सुटलेले तुकडे फेकू नका, झाकण म्हणून वापरलेत तरी चालेल.

व्यापाऱ्याचा पुन्हा फोन आला नाही. पण तो मोराचा फोटो अजून फिरतोच आहे. मागच्या महिन्यात माझ्या एका मावसभावाने तो मला कौतुकाने पाठवला. खाली कुणीतरी नवीन मजकूर जोडला होता: ‘अल्लादियाखाँसाहेबांचा दुर्मीळ तंबोरा. सध्याचा मालक कोण, माहीत असल्यास कळवावे.’